दोन जर्मनी आणि एक भरत नाट्य मंदिर

पुण्या-मुंबईच्या नाटकवाल्यांचा संबंध एका नाही, दोन जर्मनींशी आला. एक वायमार आणि पूर्व बर्लिनचा, जिथून ब्रेख्त आला. दुसरा पश्चिम बर्लिनचा, जिथून 'ग्रिप्स' आलं आणि जिथे आपला 'घाशीराम कोतवाल' जाऊन आला. जर्मनी दुभंगला होता १९४९ ते १९९०, म्हणजे एकेचाळीस वर्षं. नेमक्या त्याच काळात मराठी प्रायोगिक रंगभूमी वयात आली, आणि दोन्हीकडचे पाहुणे आपल्याकडे जेवून गेले.

माझी एक मावसबहीण जर्मनीत राहते. तिच्याशी फोनवर बोलताना हा विषय निघाला आणि मग बरेच दिवस डोक्यात घोळत राहिला. ती म्हणाली, "अरे, इथली माणसं अजून 'तिकडचे' आणि 'इकडचे' असं बोलतात. भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी!" मी म्हटलं, त्यात नवल काय? आपल्याकडे भिंत न बांधता तसंच बोलतात. तेव्हा ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहावं. इथे येणार्‍यांपैकी निम्मी मंडळी नातेवाईक आहेत, त्यांना खालचा काही भाग आमच्या घरातलाच वाटेल. ज्यांना राग येईल त्यांनी हक्काने सांगावं.

आधी थोडा इतिहास. दुसर्‍या महायुद्धात जर्मनी हरला, चार विजेत्यांनी तो वाटून घेतला, आणि १९४९ साली दोन देश जन्माला आले. मे महिन्यात पश्चिमेचा, ऑक्टोबरात पूर्वेचा. भाषा एक, गटे-शिलर एक, पण दोघांनाही जगाला पटवून द्यायचं होतं की खरा जर्मनी आम्हीच. हे पटवण्यासाठी जी साधनं वापरली गेली त्यात नाटक फार वरच्या जागी होतं. जर्मन लोकांना नाटकाचं वेड जुनं. गावोगावी सरकारी अनुदानावर चालणारी नाट्यगृहं, पगारी नट, कायमचे दिग्दर्शक. दीड-पावणेदोन कोटी वस्तीच्या पूर्व जर्मनीत अशी साठाहून जास्त नाट्यगृहं होती! (आपल्याकडे नाट्यगृहाचं स्वच्छतागृह दुरुस्त व्हायला किती अर्ज लागतात ते आपण जाणतोच. असो.)

पूर्वेची मूल्यं होती श्रम, समता आणि फॅसिझमला विरोध. पश्चिमेची होती व्यक्तीचं स्वातंत्र्य आणि लेखणीवर कुणाची सत्ता नाही हे तत्त्व. कागदावर दोन्ही यादी सुंदर आहेत. कुणालाही आवडाव्यात अशाच. पण नाटकाची गंमत अशी की ते कागदावर राहत नाही. ते आठशे माणसांसमोर उभं राहतं, आणि मग कळतं की त्या आठशे माणसांना स्वतःबद्दल काय ऐकून घ्यायची तयारी आहे.

ब्रेख्तचंच बघा. १९४७ साली अमेरिकेत त्याला कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून संसदेच्या समितीपुढे उभं केलं गेलं. लगेच तो युरोपला परतला आणि पुढे पूर्व बर्लिनमध्ये स्थिरावला. १९४९ मध्ये त्याने आणि त्याची बायको हेलेन वायगेल हिने 'बर्लिनर आन्सांब्ल' ही संस्था काढली. पूर्वेच्या सरकारने पैसा दिला, मान दिला, १९५४ साली शिफबाउरडाम रस्त्यावरचं नाट्यगृह दिलं. हे तेच नाट्यगृह जिथे १९२८ साली त्याचा 'थ्री पेनी ऑपेरा' पहिल्यांदा झाला होता. पण मान दिला म्हणजे मोकळीक दिली असं नाही. १९५१ मध्ये रोमन सेनापती लुकुलसवर त्याने लिहिलेला ऑपेरा पक्षाच्या मंडळींना पसंत पडला नाही. तो बाजूला ठेवला गेला, आणि फेरफार करून, नाव बदलून मग परत आला. ब्रेख्तसारख्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांची काय!

बाकीच्यांची गत पाहायची तर हायनर म्युलर. १९६१ च्या ऑगस्टमध्ये भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरच्या शेवटी विद्यार्थ्यांनी त्याचं एक नाटक केलं, खेड्यातल्या जमीनवाटपावरचं. समाजवादी खेडं जसं पोस्टरवर दिसायचं तसं ते त्यात दिसत नव्हतं. एकच प्रयोग झाला. नाटक बंद, म्युलर लेखक संघातून बाहेर, आणि दिग्दर्शक त्रागेलेन याची रवानगी कोळशाच्या खाणीत. विशेष म्हणजे पूर्व जर्मनीत सेन्सॉर नावाचं खातं कागदावर नव्हतंच. फक्त प्रत्येक प्रयोगाला 'परवानगी' लागायची.

आता पश्चिमेला टाळ्या वाजवायच्या असतील तर जरा थांबा. तिकडे सेन्सॉरवर घटनेनेच बंदी होती. तरीही १९५३ साली पूर्वेत कामगारांचा उठाव चिरडला गेल्यावर, १९५६ साली हंगेरीत रणगाडे घुसल्यावर आणि १९६१ मध्ये भिंत उभी राहिल्यावर अशा तिन्ही वेळी पश्चिम जर्मनीतल्या कितीतरी नाट्यगृहांनी ब्रेख्तची नाटकं खाली उतरवली. सरकारी हुकूम नव्हता. लोकभावना होती, वर्तमानपत्रं होती, अनुदान मंजूर करणारे नगरसेवक होते. तेवढ्याने काम भागलं.

म्हणजे दोन्हीकडे नाटक थांबवता येत होतं, फक्त दार वेगळं. पूर्वेत ते कचेरीतून थांबायचं आणि पश्चिमेत समाजातून. दोन्ही सारखंच असं मी अजिबात म्हणत नाही. ज्याला खाणीत पाठवलं त्याला विचारा दोन्ही सारखं आहे का! पण पश्चिमेची ही पद्धत पुणेकराला जास्त ओळखीची वाटेल. ते पुढे येईलच.

दुसरं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. फ्रँकफर्टमध्ये १९६३ ते १९६५ या काळात आउशवित्झच्या छळछावणीतल्या अधिकार्‍यांवर खटला चालला. पीटर वाइस या लेखकाने (जन्माने जर्मन, नागरिकत्वाने स्वीडिश) त्या खटल्यातल्या साक्षींवरून एक नाटक बेतलं, 'दी एर्मिटलुंग', म्हणजे 'तपास'. १९ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी ते दोन्ही जर्मनींत मिळून पंधराच्या आसपास ठिकाणी सादर झालं. पश्चिम बर्लिनमध्ये एर्विन पिस्काटोरने ते बसवलं. पूर्व बर्लिनमध्ये तर संसदेच्या सभागृहात त्याचं वाचन झालं आणि वाचणार्‍यांत हेलेन वायगेल होती. दुभंगलेल्या देशाने एका संध्याकाळी एकच नाटक पाहिलं!

पण ऐकलं का एकच? नाटकात त्या छावण्यांवर पैसा कमावणार्‍या बड्या कारखानदारांची नावं होती. पूर्वेला ते फार आवडलं, कारण ते कारखाने पश्चिमेत जोरात चालू होते. 'बघा, गुन्हेगार भिंतीपलीकडे आहेत' असं पूर्वेचं सरकार आपल्या लोकांना सांगू शकत होतं. जणू पूर्वेकडच्या सगळ्या माणसांची आजोबा-पणजोबांसकट आपोआप शुद्धी झाली होती! नाटक होतं गुन्हा करणार्‍या साध्यासुध्या माणसांवर, आणि पूर्वेने ते ऐकलं शेजार्‍यावरचं म्हणून. पश्चिमेत ते जास्त बोचलं, कारण तिथे आरोपी शेजारच्या गल्लीत राहत होते.

मला जे सांगायचं आहे ते थोडक्यात इतकंच. एखादा समाज आपल्या नाटकातून कुठली मूल्यं मांडतो, हे तो दुसर्‍याबद्दलच्या नाटकांना किती टाळ्या देतो यावरून कळत नाही. स्वतःबद्दलचं नाटक तो स्वतःच्या सभागृहात, स्वतःच्या माणसांबरोबर बसून शेवटपर्यंत बघू शकतो का, यावरून कळतं.

आता पुण्याकडे येऊ.

भारताने पूर्व जर्मनीला मान्यता दिली ती १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये. पण नाटकवाले त्याआधीच पोचले होते. वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ १९७० साली दिल्लीत येऊन राष्ट्रीय नाट्य विद्यालयात ब्रेख्त बसवून गेले. पुढे मुंबईत विजया मेहतांबरोबर त्यांचं काम सुरू झालं, आणि चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलेलं 'अजब न्याय वर्तुळाचा' उभं राहिलं. त्याचे प्रयोग पुढे पूर्व जर्मनीतही झाले. व्यंकटेश माडगूळकरांनी 'देवाजीने करुणा केली' लिहिलं, तेही ब्रेख्तवरूनच. आणि १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. शिफबाउरडामवर जन्मलेलं नाटक तमाशाचा फेटा बांधून पुण्यात आलं!

या नाटकांचं आपल्याकडे स्वागतच झालं. सूत्रधार, गाणी, मध्येच प्रेक्षकांशी बोलणं हे सगळं आपल्या तमाशात, दशावतारात होतंच. त्यामुळे ब्रेख्त परका वाटलाच नाही. शिवाय नुकतीच आणीबाणी सरली होती. सत्ता आणि गुन्हेगार यांचं साटंलोटं बघून हसायला लोक तयार होते. स्वतः पु. ल. १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीविरुद्ध सभा घेत फिरले होते. पण पुन्हा तोच प्रश्न. हे हसणं कुणाला? चोरांचा पुढारी, भिकार्‍यांचा ठेकेदार, लाच खाणारा पोलीस... यातला कुणी आपल्या वाड्यात राहत नव्हता. सदाशिव पेठेतलं आमचं घर अशा नाटकाला जाऊन, हसून, इंटरव्हलला बटाटेवडा खाऊन परत येऊ शकत होतं.

आणि याच शहरात सहा वर्षं आधी, १६ डिसेंबर १९७२ ला, भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला होता. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीराम रमेश टिळेकर. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कनोजहून आलेल्या घाशीरामला पुण्याचे लोक अपमानित करतात. तो आपली मुलगी नानांना देऊन कोतवाली मिळवतो आणि शहरावर सूड घेतो. काम झाल्यावर नाना त्याला जमावाच्या हवाली करून मोकळे होतात. १७९१ साली पुण्यात खरोखरच कोतवालीच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले होते आणि संतापलेल्या जमावाने घाशीरामला दगडांनी ठेचून मारलं होतं. पण हे नाटक इतिहासाचं नाही असं तेंडुलकर सांगतच होते. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे पैदा करते, याचं ते नाटक होतं.

त्या नाटकातली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे माणसांचा पडदा. ओळीत उभे राहिलेले ब्राह्मण गातात, झुलतात, भजन म्हणतात. समोर तोंड करून उभे असतात तेव्हा ते पुणं असतात. पाठ फिरवतात तेव्हा ते भिंत होतात, आणि मागे काय चाललंय ते त्यांना दिसत नाही. खरं म्हणजे दिसतं, पण दिसत नाही असं ठरलेलं असतं. बर्लिनची भिंत काँक्रीटची होती, ती बुलडोझरने पाडता आली. ही पाठींची भिंत पाडायची कशी?

एकोणीस प्रयोग झाले. मग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे अध्यक्ष भालबा केळकर यांनी नाटक थांबवलं. नाटक ब्राह्मणांची आणि नाना फडणवीसांची बदनामी करतं, असा आक्षेप होता. सरकारने बंदी घातली नव्हती. नाटक समाजातूनच थांबलं. नाटकातली बहुतेक मुलं संस्थेतून बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ च्या जानेवारीत 'घाशीराम' पुन्हा उभं केलं. ब्रेख्तचं नाटक उतरवणारी पश्चिमेची पद्धत पुणेकराला ओळखीची वाटेल असं वर म्हटलं ते यासाठी.

आमच्या घरात यावरून दोन जर्मनी झाले. काका त्यावेळी कॉलेजात होता, त्याने नाटक पाहिलं आणि भारावून आला. आजोबांनी पाहिलं नाही. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. दोघांत यावर बोलणंच बंद झालं, म्हणजे भांडण नाही, पण जेवताना तो विषय काढायचा नाही असा अलिखित तह. तो तह मोडला १९८० साली, जेव्हा 'घाशीराम' पश्चिम बर्लिनला आणि युरोपात इतरत्र जायचं ठरलं.

तेव्हा मोठं वादळ उठलं. शिवसेनेने विरोध केला, नाटक परदेशात जाऊ देणार नाही असं जाहीर झालं, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी तोड निघाली ती अशी की प्रयोगाआधी एक निवेदन वाचायचं. आशय असा की नाना फडणवीस हे थोर मुत्सद्दी होते आणि या नाटकाचा हेतू इतिहास सांगण्याचा नाही. तेवढं वाचून झालं की पडदा. नाटक गेलं, गाजलं, परत आलं.

घरात हा विषय निघाला तेव्हाचं संभाषण मी मोठ्यांकडून इतक्यांदा ऐकलंय की तोंडपाठ आहे. काका म्हणाला, "अण्णा, तुम्ही न बघताच नावं ठेवताय." अण्णा म्हणाले, "अरे, पेशवाईत पाप झालं नाही असं मी कुठे म्हणतोय? पण ते जर्मन लोकांना कशाला सांगायला जायचं? आपली लक्तरं आपण वेशीवर टांगायची?"

अण्णा वाईट माणूस नव्हते. आयुष्यभर शाळामास्तरकी केली आणि कुणाचा पैसा बुडवला नाही. त्यांना टोचत होतं ते 'परक्यांसमोर' हे. आणि गंमत बघा, पूर्व जर्मनीचं सरकार आपल्या लेखकांना नेमकं हेच म्हणत होतं! हायनर म्युलरचं 'गेर्मानिया टोड इन बर्लिन' हे नाटक १९७८ साली पश्चिमेत म्युनिकला झालं, आणि त्याच्या स्वतःच्या देशात त्याला १९८९ उजाडावं लागलं. गायक-कवी वोल्फ बीरमानने १९७६ मध्ये कोलोनला जाऊन गाणी म्हटली, आणि पूर्वेने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. त्याच्या बाजूने सही करणार्‍या कितीतरी नट-लेखकांनी पुढे देश सोडला. घरातली गोष्ट बाहेर बोललात, हा गुन्हा. पण घरात बोलायची सोय होती का? तिथेही नव्हती, आणि आमच्या जेवणाच्या पाटावरही नव्हती. घरात बोलू दिलं नाही की मग ती गोष्ट बाहेर बोलली जाते, आणि मग आपण तक्रार करतो की बाहेर का बोललात.

पुण्याची ही सवय १९७२ ची नाही, फार जुनी आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. एक शेतकरी जोडपं, त्यांना भविष्याची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि मध्येमध्ये येऊन प्रेक्षकांना जागं करणारा विदूषक. ब्रेख्तच्या जन्माआधी त्रेचाळीस वर्षं हा विदूषक गोष्ट थांबवून प्रेक्षकाला विचार करायला लावत होता! फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीने नाकारलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं ते छापलंही गेलं नाही.

नंतरची फूट तर रस्त्यावर दिसायची. गणपतीतले मेळे ही पुण्याची हक्काची रंगभूमी. एका बाजूला सन्मित्र समाजासारखे ब्राह्मणी वळणाचे मेळे, दुसर्‍या बाजूला केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी १९२२ मध्ये काढलेला छत्रपती मेळा. एकच गणपती, एकच शहर, दोन रंगमंच. दोन्हीकडे पदं, संवाद, टोमणे, आणि दोन्हीकडे टाळ्या आपापल्या माणसांच्या. इकडचं गाणं तिकडच्याने बसून ऐकलं असं क्वचितच. अण्णांच्या लहानपणी हे सगळं आसपास होतं. त्यांनी त्याचा उल्लेख कधी केला नाही.

आता दुसरा जर्मनी. पश्चिम बर्लिनमध्ये साठच्या दशकात फोल्कर लुडविग आणि मंडळींनी मुलांसाठी नाटकं करायला सुरुवात केली, पुढे १९७२ मध्ये त्याला 'ग्रिप्स' हे नाव मिळालं. ग्रिप्स म्हणजे बोली जर्मनमध्ये डोकं, अक्कल. पर्‍या नाहीत, राजपुत्र नाहीत. भाड्याच्या घरातली मुलं, चिडका बाप, दमलेली आई, खेळायला जागा नसलेली गल्ली. मुलांची कामं मोठी माणसं करतात, आणि नाटकात मोठ्यांना जाब विचारला जातो. पश्चिम बर्लिनमधल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने सत्तरच्या दशकात त्यांच्यावर झोड उठवली की हे मुलांना कम्युनिझम शिकवतात. 'आवाज केलास तर तिकडे जा भिंतीपलीकडे', ही त्या शहरातली ठरलेली उत्तरं देणार्‍यांची रीत. (आपल्याकडे भिंतीऐवजी सीमा असते.) पण नाटक बंद पडलं नाही, अनुदानही चालू राहिलं. हा फरक मोठा आहे, तो मान्य करायलाच हवा.

'घाशीराम'मधले नाना, म्हणजे मोहन आगाशे, पेशाने मानसोपचारतज्ज्ञ, हेच ग्रिप्स पुण्यात आणणार्‍यांत पुढे होते. मॅक्सम्युलर भवनाच्या मदतीने १९८६ साली श्रीरंग गोडबोले यांनी मराठीत आणलेलं 'छान छोटे वाईट मोठे' झालं. पुढे २००४ मध्ये जर्मनीने आगाशेंना गटे पदक दिलं. मी तेव्हा शाळेत होतो, १९८६ ला म्हणतोय. मोठी माणसं चड्ड्या घालून मुलं झाली आहेत आणि नाटकातला बाप आपल्या बापासारखाच ओरडतोय, हे बघून आम्ही पोरं खुर्चीवर उभी राहिलो होतो. शेजारी बाबा बसले होते. ते हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. घरी जाताना स्कूटरवर म्हणाले, "मी एवढा ओरडतो का रे?" माझ्या मते नाटकाने समाजात काय करावं याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ज्याच्यावर नाटक आहे तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला हवा, आणि त्याने शेवटपर्यंत बसायला हवं.

पूर्वेतलं नाटक शेवटी काय करू शकलं ते १९८९ मध्ये दिसलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ड्रेसडेनच्या सरकारी नाट्यगृहातले नट प्रयोग संपल्यावर पुढे यायला लागले. आम्ही आमच्या भूमिकांतून बाहेर येत आहोत असं सांगून त्यांनी देशाच्या अवस्थेबद्दलचं निवेदन वाचलं. इतकी वर्षं प्रेक्षक शेक्सपिअर आणि शिलरच्या ओळींतून दडलेला अर्थ ऐकत होते, तो आता उघड बोलला जाऊ लागला. ४ नोव्हेंबरला पूर्व बर्लिनच्या आलेक्झांडरप्लाट्झवर काही लाख माणसं जमली. त्या सभेची रीतसर परवानगी मागितली होती नाट्यगृहांतल्या लोकांनी. हायनर म्युलर बोलला, नट उलरिश म्यूह बोलला. पाच दिवसांनी भिंत उघडली. (हाच म्यूह पुढे 'द लाइव्ज ऑफ अदर्स' या २००६ च्या सिनेमात नाटककारावर पाळत ठेवणारा अधिकारी झाला. कुणी पाहिला नसेल तर जरूर बघा.)

'घाशीराम'च्या आधी वाचलेलं निवेदन आणि ड्रेसडेनच्या प्रयोगानंतर वाचलेलं निवेदन, ही दोन्ही मला शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. एकात नटांनी सांगायचं होतं की पुढे जे दिसेल ते तुमच्याबद्दल नाही. दुसर्‍यात नट सांगत होते की आत्तापर्यंत जे पाहिलंत ते आपल्याबद्दलच होतं.

जर्मनी एक झाल्यावर सगळं गोड झालं असंही नाही. बर्लिनमध्ये नाट्यगृहं दुप्पट झाली आणि पैसे निम्मे. १९९३ मध्ये जे मोठं सरकारी नाट्यगृह बंद केलं गेलं ते पूर्वेचं नव्हतं, पश्चिमेचं शिलर थिएटर होतं. ज्या मोकळेपणाचा पश्चिमेला अभिमान होता, त्याच्या घराला हिशोबाच्या वहीने कुलूप लावलं. आणि मावसबहीण म्हणते तसं 'तिकडचे-इकडचे' अजून चालूच आहे.

आपल्याकडे महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता प्रयोगाआधी सरकारी मंडळाकडून तपासून घ्यावी लागते. त्यावर बोलण्यासारखं खूप आहे, पण मला त्यापेक्षा न लिहिलेल्या परवान्यांची जास्त काळजी वाटते. कुठलं नाटक आपल्या संस्थेने करू नये, कुठल्या विषयाने आपल्या पेठेतले, आळीतले, जातीतले लोक दुखावतील, हे कुणी न सांगता आपल्याला माहीत असतं. तो पडदा माणसांचाच असतो, आणि आपणही त्यात आळीपाळीने उभे असतो.

पण निराश व्हावं असंही नाही. २०१२ साली पुण्यात अतुल पेठेंनी गो. पु. देशपांडे यांचं 'सत्यशोधक' बसवलं. फुल्यांच्या आयुष्यावरचं नाटक, आणि त्यात कामं करणारी माणसं पुणे महापालिकेच्या कामगार युनियनमधली होती. रोज सकाळी आपले रस्ते झाडणारी माणसं रंगमंचावर उभी राहून, ज्याचं नाटक पुण्यातल्या कमिटीने नाकारलं होतं त्याची गोष्ट सांगत होती. काका मला घेऊन गेला होता. सभागृहात सगळ्या पेठांतले लोक होते, आणि वस्त्यांमधलेही. एकच नाटक, एकत्र बसून. कुणाला काय वाटलं ते मला माहीत नाही, पण मध्येच उठून गेलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

अण्णांनी 'घाशीराम' शेवटपर्यंत पाहिलं नाही. तेंडुलकर २००८ मध्ये गेले, तेही पुण्यातच. तोवर अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी एकदा भरत नाट्य मंदिरात काकाशेजारी बसून ते पाहिलं असतं, नंतर हवं तेवढं भांडले असते, तर मला जास्त आवडलं असतं. त्यांना ते पटलंच असतं असं नाही. पण वाद जेवणाच्या पाटावर झाला असता, आणि बर्लिनपर्यंत जायची गरज पडली नसती.

तुमच्या घरात असं एखादं नाटक आहे का, ज्यावर बोलायचं नाही असं ठरलंय? नातेवाईक मंडळींनी उत्तर द्यायला हरकत नाही. आता तह मोडला तरी चालेल.